दूरच्या दोन विमानतळांमधील अंतर पृथ्वीगोलावर कसे मोजावे
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



भाषणाचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा काहींच्या मुद्रेवर स्मित उमटलेले मी पाहिले. ते स्वाभाविक आहे. आपली शाळा द्विशिक्षकी, पटावर चाळीस मुले, आणि भाषण मात्र विमानतळांमधील अंतराचे! परंतु शिर्डीजवळ काकडी येथील विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, तेव्हापासून राहाता, कोपरगाव, संगमनेर या भागांतील मुलांस विमान ही केवळ पुस्तकातील चित्राची वस्तू राहिलेली नाही. ते डोक्यावरून जाते, आणि वर्गात प्रश्न ठेवून जाते. शिवाय आज आपल्या खेड्यांतील कितीतरी घरांतून कोणाचा मामा, कोणाची आत्या परदेशी नोकरीस अथवा शिक्षणास गेलेली असते. मूल विचारते, "गुरुजी, न्यूयॉर्क मुंबईहून किती लांब?" या प्रश्नाचे उत्तर मोबाईलवर क्षणार्धात सापडते हे मला ठाऊक आहे. परंतु सापडलेला आकडा खरा कशावरून, हे मुलास दाखविता येणे ही निराळी गोष्ट आहे, आणि ते दाखविण्यासाठी लागणारे साहित्य बहुतेक शाळांच्या कपाटात आहे. त्या कपाटाविषयी पुढे बोलेन.

तत्पूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. एअर इंडियाचे मुंबईहून न थांबता न्यूयॉर्कला जाणारे विमान ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या हिवाळ्यातील ही गोष्ट. मी तेव्हा एका लहान गावी सातवीचा वर्ग शिकवीत होतो. वर्गातील एका मुलीचा मामा त्या विमानाने अमेरिकेस गेला होता आणि त्याने फोनवर भाचीस सांगितले होते, की विमानातील पडद्यावर ग्रीनलँडचे नाव आले आणि खाली बर्फच बर्फ दिसले. मुलीने ते वर्गात मोठ्या आनंदाने सांगितले. मी भिंतीवरील जगाच्या नकाशापाशी गेलो, मुंबईवर पट्टीचे एक टोक ठेवले, न्यूयॉर्कवर दुसरे ठेवले आणि रेषा दाखविली. अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को आणि मग अटलांटिक महासागर. "ग्रीनलँड इथे कोठे आहे? मामाने थट्टा केली असेल," असे मी म्हणालो. वर्ग हसला. मुलगी खाली बसली. नंतर मी नकाशाखालच्या रेषाप्रमाणावरून अंतर काढून दाखविले. ते आले सुमारे १६,५०० किलोमीटर. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले.

मामाचे म्हणणे खरे होते आणि माझे दोन्ही प्रकारे खोटे होते. वाटही चुकली होती आणि अंतरही. मुंबई व न्यूयॉर्क या दोन विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. म्हणजे मी मुलांस चार हजार किलोमीटर अधिक शिकविले. नगरहून कन्याकुमारीस जाऊन परत यावे आणि पुन्हा निम्मी वाट चालावी, एवढी ती चूक लांब होती.

ही चूक कशामुळे होते ते नीट समजून घेऊ. जवळच्या अंतरांना पट्टी पुरते. शिर्डी ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर पट्टी ठेवून ते काढले तर उत्तर बरोबर येते, कारण एवढ्या लहान प्रदेशात पृथ्वीचा फुगवटा जाणवत नाही. अकोले तालुक्यातील मुलांस तर हा पाठ अगदी सहज देता येतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या एका काठावरून समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण तेथे जाण्यास पाण्याला वळसा घालावा लागतो. दिसते ते सरळ अंतर, आणि चालावे लागते ते वाटेचे अंतर. हा भेद मुले आपल्याआधी जाणतात. मात्र हेच ज्ञान घेऊन मूल जगाच्या नकाशापाशी गेले की फसते. कारण तेथे सरळ दिसणारी रेषा हीच वळशाची असते.

पृथ्वी गोल आहे व कागद सपाट. संत्र्याची साल काढून ती न फाडता, न ताणता पाटावर सपाट बसवून पाहा, बसत नाही. नकाशा काढणाऱ्यास कोठे तरी ताणावेच लागते. आपल्या भिंतींवर जो नकाशा पुष्कळदा असतो त्याची पद्धत मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली तयार केली. ती दर्यावर्दी लोकांसाठी होती. त्या नकाशावर सरळ रेष ओढली आणि होकायंत्राची दिशा तीच राखली, तर जहाज इच्छित स्थळी पोहोचते, हा तिचा मोठा गुण आहे. हा गुण साधण्यासाठी त्याने विषुववृत्तापासून दूरचे प्रदेश रुंदीने व उंचीने वाढवीत नेले. ६० अंशांचे अक्षवृत्त खरे पाहता विषुववृत्ताच्या निम्म्या लांबीचे आहे. नकाशावर मात्र दोन्ही सारख्याच लांबीच्या रेषा दिसतात. म्हणूनच ग्रीनलँड त्या नकाशावर आफ्रिकेशी स्पर्धा करतो. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे, आणि आपला भारतदेखील ग्रीनलँडच्या दीडपट आहे. नकाशा खोटा आहे असे मी म्हणत नाही. ज्या कामासाठी तो केला नाही त्या कामास आम्ही तो लावतो.

माझ्या १६,५०० या आकड्यात दोन चुका एकत्र मिसळल्या होत्या. पहिली चूक रेषाप्रमाणाची. ते प्रमाण विषुववृत्तापुरते खरे असते; ते मी तीस-चाळीस अंशांवरील प्रदेशास लावले. ही चूक दुरुस्त करून, पट्टीने दाखविलेल्या वाटेचीच खरी लांबी काढली, तर ती सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. उरलेले १,७०० किलोमीटर ही दुसरी चूक, म्हणजे वाटच लांबची धरल्याची.

आता गोलाकडे वळू. साहित्य तीन वस्तूंचे: पृथ्वीगोल, वर्तमानपत्राच्या कडेची कापलेली लांब पट्टी, आणि गोधडी शिवण्याचा दोरा. लोकर घेऊ नये. ती ताणली जाते व उत्तर कमी येते.

प्रथम कागदी पट्टी विषुववृत्तावर गुंडाळावी आणि जेथे तिचे टोक पुन्हा भेटेल तेथे कापावी. ही पट्टी म्हणजे पृथ्वीचा घेर, ४०,००० किलोमीटर. हा आकडा मुलांनी घोकू नये. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस मीटर ठरविला गेला तेव्हा ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे एक मीटर, अशीच व्याख्या केली होती. त्यामुळे घेराचा चतुर्थांश दहा हजार किलोमीटर येतो, तो योगायोगाने नव्हे. (सूक्ष्म मोजणीत विषुववृत्त ४०,०७५ व ध्रुवांवरून जाणारा घेर ४०,००८ किलोमीटर भरतो, आपल्या दोऱ्याला तो फरक कळणार नाही.) अशा मोजणीचे मोठे काम आपल्या देशातही झाले आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोणांमागून त्रिकोण जोडीत पृथ्वीच्या वक्रतेचे माप घेणारे विल्यम लॅम्टन हे १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, काम चालू असतानाच वारले. सहलीच्या यादीत हिंगणघाटचे नाव मी अद्याप पाहिलेले नाही.

आता ती पट्टी निम्म्यात दुमडा, पुन्हा निम्म्यात, अशी चार वेळा. उलगडल्यावर सोळा सारखे भाग दिसतील. प्रत्येक भाग २,५०० किलोमीटरांचा. ही झाली आपली मोजपट्टी. तिला सेंटिमीटरही लागत नाहीत आणि त्रैराशिकही लागत नाही; गोल लहान असो वा मोठा, पट्टी त्याच्याच मापाची असते.

नंतर एका मुलाने दोऱ्याचे टोक मुंबईवर दाबून धरावे, दुसऱ्याने दोरा न्यूयॉर्कपर्यंत नेऊन हलकेच ओढावा. येथे शिक्षकाने एक पथ्य पाळावयाचे आहे. दोरा कोठून जावा हे सांगू नये. मुले प्रथम तो अरबस्तानावरून, नकाशाच्या सवयीने नेतात. तसाच धरू द्या आणि म्हणा, "आता ताणा." ताणताच दोरा गोलावरून घसरतो, उत्तरेकडे सरकतो आणि आपली वाट आपण शोधतो. पाकिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या जवळून नॉर्वे, तेथून आइसलँड, ग्रीनलँडचे अगदी दक्षिण टोक, लॅब्राडॉर आणि न्यूयॉर्क. ज्या क्षणी दोरा ग्रीनलँडला टेकतो त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ती मी नंतर पुष्कळदा अनुभवली आहे. ताणलेला दोरा म्हणजे दोन बिंदूंमधील सर्वांत आखूड वाट. गोलावर ती वाट ज्या वर्तुळाचा भाग असते त्याचे केंद्र पृथ्वीच्याच केंद्रात असते. अशा वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात. हा शब्द वरच्या वर्गात व्याख्या म्हणून पाठ होतो. दोरा ताणल्यावर तो समजतो.

दोरा चिमटीत धरून कागदी पट्टीवर ठेवावा. मुंबई ते न्यूयॉर्क बरोबर पाच भाग भरतात. पाच गुणिले २,५००, म्हणजे १२,५००. दिल्ली ते सान फ्रान्सिस्को हेही पाचास किंचित कमी, सुमारे १२,४०० किलोमीटर. मुंबई ते लंडन तीन भागांस थोडे कमी पडते. खरे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाच्या 'मलबार प्रिन्सेस' या विमानाने मुंबईहून लंडनकडे पहिले उड्डाण केले ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत. ही दोन स्थळे गोलावर शोधून, तुकड्यातुकड्यांनी दोरा लावून बेरीज करण्याचा पाठ चौथी-पाचवीसही जमतो. थांबत गेल्याने अंतर किती वाढले ते मुले स्वतः सांगतात.

उत्तरपत्रिका तपासताना मात्र एक ध्यानात ठेवावे. आठ इंची गोलाचा व्यास सुमारे २० सेंटिमीटर असतो, त्यावरील एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर. मुंबईचा छापील ठिपकाच कदाचित पनवेलच्याही पलीकडे जात असेल. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. तेव्हा ज्याने १२,३०० लिहिले तो चूक आणि १२,५०० लिहिले तो बरोबर, असे करू नये. 'बारा ते तेरा हजारांच्या दरम्यान' हे उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

काही शिक्षक येथे शंका घेतील, की प्रत्यक्ष विमान दोऱ्यावरूनच जाते काय? नेहमी जात नाही. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सान फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियातील मगदान येथे उतरविण्यात आले आणि दुसरे विमान पाठवून प्रवाशांस पुढे नेण्यात आले. अमेरिकेच्या वाटेवर सैबेरिया कोठून आला, असा प्रश्न त्या दिवशी अनेक घरांत पडला असेल. दोरा लावून पाहा. तो सैबेरियावरूनच, मगदानच्याही बऱ्याच उत्तरेकडून जातो. म्हणजे दिशा दोऱ्याची, पण वाट नेमकी तीच असेल असे नव्हे. वाऱ्याचा हिशेब असतो. आपल्या अक्षांशांच्या उत्तरेस, फार उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांचा लाभ घेण्यासाठी २०१६ च्या ऑक्टोबरपासून दिल्ली–सान फ्रान्सिस्को विमान काही काळ पॅसिफिक महासागरावरून नेले गेले. वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची झाली. अटलांटिकवरच्या वाटेपेक्षा ती लांब होती, तरी वेळ कमी लागला. पाठीवर वारा असलेल्या सायकलस्वारास हे निराळे समजवावे लागत नाही. आणि कधी राजकारण आड येते. २०१९ च्या फेब्रुवारीत, तसेच २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, तेव्हा पश्चिमेकडील पुष्कळ विमानांना दक्षिणेने वळसा घ्यावा लागला. दोरा सर्वांत कमी अंतर सांगतो. त्याहून अधिक किती गेले आणि का गेले, हा त्यानंतरचा पाठ.

सातवीच्या हुशार मुलांसाठी आणखी एक उदाहरण ठेवतो. जानेवारी २०२१ मध्ये सान फ्रान्सिस्कोहून बंगळूरपर्यंतचे विमान कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी वैमानिक भगिनींनी उत्तर ध्रुवावरून आणले. भिंतीवरच्या नकाशात ध्रुव हा बिंदू कोठेच नसतो, त्यामुळे ही वाट तेथे दाखविताच येत नाही. गोलावर मात्र तिची लांबी काढण्यास दोराही लागत नाही. बंगळूर १३ अंशांवर, म्हणून ध्रुवापासून ७७ अंश दूर; सान फ्रान्सिस्को सुमारे ३८ अंशांवर, म्हणून ५२ अंश दूर. बेरीज १२९. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार मुलांकडूनच करवून घ्यावा. १४,३०० च्या आसपास येईल. दोऱ्याची आखूड वाट सुमारे १४,००० ची आहे. ध्रुव ओलांडूनही तीन-चारशे किलोमीटरच वाढले, हे पाहून मुलांस आश्चर्य वाटते, आणि गणिताच्या तासाला भूगोल शिकविल्याचे कोणास कळतही नाही.

आता कपाटाविषयी. शाळाभेटीत मी पृथ्वीगोल मागतो तेव्हा तो पुष्कळदा प्लास्टिकच्या पिशवीत, कुलपात, सर्वांत वरच्या फळीवर सापडतो. कारण विचारले तर उत्तर येते, "डेडस्टॉक रजिस्टरला आहे साहेब, फुटला तर?" ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, लेखापरीक्षणाचा अनुभव मलाही आहे. परंतु वापरून झिजलेल्या गोलाची नोंद घेऊन तो निर्लेखित करता येतो. पंधरा वर्षे पिशवीत राहिलेल्या गोलाचे काय करावे, याचे उत्तर कोणत्याच नियमात नाही. माझ्या त्या शाळेतही गोल होता. मुलगी खाली बसली त्या दिवशी तो माझ्या पाठीमागच्या कपाटात, चार हातांवर होता.

ज्यांच्याकडे गोलच नाही त्यांनी रबरी चेंडू घ्यावा, उन्हाळ्यात कलिंगड घ्यावे. माठदेखील चालतो, मात्र तो चांगला गोल हवा. देठाची बाजू उत्तर ध्रुव. मधोमध खडूने विषुववृत्त काढा आणि त्याच्या मापाची सोळा भागांची पट्टी करा. पट्टीचा एक भाग म्हणजे साडेबावीस अंश. मुंबई १९ अंशांवर, म्हणजे विषुववृत्तापासून एका भागास थोडी कमी. न्यूयॉर्क सुमारे ४१ अंशांवर, म्हणजे दोन भागांस थोडे कमी. दोघांच्या रेखांशांतील अंतर सुमारे १४७ अंश, म्हणजे विषुववृत्तावर साडेसहा भाग पश्चिमेस सरकावयाचे आणि तेथून उत्तरेस चढावयाचे. दोन ठिपके झाले, की दोरा ताणा. कलिंगडावरही पाचच भाग भरतात. विषुववृत्तावर साडेसहा भाग सरकलो आणि दोऱ्याला पाचच कसे पुरले, हा प्रश्न मुलांनी विचारेपर्यंत थांबा. आपण आधी विचारू नये.

मला माझी चूक कळली ती दोन वर्षांनी, एका प्रशिक्षणात दुसऱ्याच कारणासाठी गोलावर दोरा लावताना. तोवर ती मुलगी तालुक्याच्या गावी नववीत शिकत होती. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तेथे गेलो, तिला बाहेर बोलावले आणि सांगितले, "तुझे मामा बरोबर होते. मीच चुकलो होतो." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, मला तेव्हाच माहीत होतं. पण तुम्ही म्हणालात म्हणून मी वहीत तुमचंच लिहिलं." परीक्षेतही तिने तेच लिहिले होते, आणि मी त्यास पूर्ण गुण दिले होते. ती पुन्हा त्या वर्षी वर्गात मामाविषयी काही बोलली नव्हती, हेही मला तेव्हाच आठवले.

आता मधल्या सुटीनंतर आपण गट करू. प्रत्येक गटास एक गोल, वर्तमानपत्राची पट्टी व दोरा मिळेल. दोन गोल कमी आहेत, म्हणून दोन गटांस चेंडू घ्यावे लागतील. पहिले अंतर मुंबई–लंडन घ्यावे, दुसरे आपल्या शाळेतील एखाद्या मुलाचे नातलग जेथे असतील त्या गावाचे. उत्तरे फळ्यावर मांडू. मोबाईल तोवर पिशवीत राहू द्यावेत.